मोकळं, पण हद्दीत

दीड-दोन एकर रान, त्यातच घर, दारात पंधरा-वीस गावरान कोंबड्या, चार-सहा शेळ्या आणि एखादी गाय. अशा शेतकऱ्याची अडचण चमत्कारिक असते. जनावर मोकळं फिरलं पाहिजे, कारण बांधून विकतचं खाद्य घालणं परवडत नाही. आणि ते फिरताना घरच्या मेथीत, शेजारच्या हरभऱ्यात किंवा डांबरी रस्त्यावर जाताही कामा नये. यावर बहुतेकांना एकच उत्तर सुचतं: कुंपण. मग तालुक्याहून जाळीचा गठ्ठा येतो, लोखंडी अँगल रोवले जातात, आणि आठवडा व्हायच्या आत कोंबडी शेजारच्या परसात उकिरडा उकरताना दिसते.

खरं तर इथे दोन वेगळी कामं आहेत आणि आपण त्यांची सरमिसळ करतो. आतलं जनावर आत ठेवणं हे एक, बाहेरचा शिकारी बाहेर ठेवणं हे दुसरं. पहिलं काम बरंचसं दाणा, चारा, सोबत आणि वेळ यांवर भागतं. दुसऱ्याला मात्र मजबूत जाळीच लागते, तिथे सवय-बिवय चालत नाही. गावोगाव दिसतं ते याच्या उलट. दिवसा कोंबडी जाऊ नये म्हणून शेताभोवती महागडी जाळी, आणि रात्री ती जिथे झोपते त्या खुराड्याला मोडकी फळी आणि तिला टेकवलेला दगड. खाली दिलेल्या बहुतेक गैरसमजांचं मूळ या अदलाबदलीत आहे.

गैरसमज: कुंपण उंच केलं की कोंबडी बाहेर जात नाही

उंचीपेक्षा कुंपणाचा वरचा काठ महत्त्वाचा असतो. कोंबडी सहसा कुंपणावरून थेट पलीकडे उडत नाही. ती आधी वर बसते, मान वाकडी करून पलीकडे काय आहे ते बघते आणि मग उतरते. वर आडवा बांबू, पाइप किंवा भिंतीचा सपाट माथा असेल, तर तिला आपणच बसायला जागा करून दिलेली असते. त्याऐवजी जाळीचा वरचा हातभर भाग कशालाही न बांधता सैल ठेवला, तर बसायला आधार दिसत नाही आणि ती सहसा उडी घेत नाही. कुंपणाला लागून रचलेली लाकडं, उभी केलेली बैलगाडी, वाकलेली शेवग्याची फांदी हेही तितकंच पाहायला हवं. पाच फुटांच्या जाळीशेजारी तीन फुटांचा लाकडाचा ढीग असेल, तर कुंपण दोनच फुटांचं उरतं.

जातीनेही फरक पडतो. किलो-सव्वा किलोची गावरान तलंग आंब्याच्या फांदीवर सहज जाते. वनराज किंवा गिरिराजसारख्या सुधारित जातींची मोठी झालेली कोंबडी अंगाने जड असते, तिला चार फूटही पुरतात. त्यामुळे शेजाऱ्याच्या कोंबड्या चार फुटांत राहतात म्हणून आपल्याही राहतील, असं नसतं.

शिवाय वरून जाणाऱ्या कोंबड्यांपेक्षा खालून जाणाऱ्या जास्त. जाळी जमिनीला टेकते तिथे कोंबड्या धूळ-अंघोळीसाठी उकरतात, दोन-चार दिवसांत तिथे वीतभर खळगा होतो आणि पिल्लं पार होतात. सकाळच्या फेरीत जाळीच्या माथ्याआधी तिचं बूड बघावं.

गैरसमज: पंख छाटले की प्रश्न मिटला

मिटतो, पण काही महिन्यांपुरता. एकाच पंखाची लांब उडण्याची पिसं कापायची असतात, म्हणजे उडताना तोल जातो. दोन्ही पंख सारखे कापले तर तोल टिकतो आणि हलकी कोंबडी तरीही फडफडत वर जाते. कापलेली पिसं मेलेल्या नखासारखी असतात, दुखत नाहीत. मात्र नव्याने फुटलेल्या कोवळ्या पिसाच्या नळीत रक्त असतं, ते कापलं तर भळाभळा वाहतं. पुढच्या पीसगळीत जुनी पिसं जाऊन नवी येतात, आणि कोंबडी पुन्हा भिंतीवर.

माझा आक्षेप वेगळाच आहे. उडणं हा गावरान कोंबडीचा मुंगूस-कुत्र्यापासून वाचायचा पहिला उपाय आहे. ज्या परसात कोंबड्या दिवसभर बिनराखणीच्या असतात, तिथे पंख छाटणं म्हणजे शिकाऱ्याला मदत करणं. सगळ्या कळपाचे पंख छाटत बसू नये. रोज त्याच दोन-तीन ओढाळ कोंबड्या बाहेर जातात, बाकीच्या त्यांच्या मागे जातात. तेवढ्यांचेच छाटावेत.

गैरसमज: संध्याकाळ झाली की कोंबडीला घर कळतंच

कळतं, पण ते आधी शिकवावं लागतं. बाजारातून आणलेली तलंग पहिल्याच दिवशी मोकळी सोडली, तर अंधार पडता पडता ती जवळच्या झाडावर बसते आणि मग तीच तिची जागा होते. नव्या कोंबड्या आठवडाभर खुराड्यातच ठेवून, तिथेच दाणापाणी देऊन मग सोडाव्यात. त्यांना अंधारात फारसं दिसत नाही, त्यामुळे उजेड संपण्याआधी ओळखीच्या जागी पोचण्याची त्यांना घाई असते. ती ओळखीची जागा कोणती, एवढंच आपल्या हातात आहे.

तरीही झाडावर जात असतील तर दोष खुराड्यात शोधावा. कोंबडीला रात्री उंचावर बसायचं असतं. आत आडवी दांडीच नसेल, किंवा ती जमिनीपासून वीतभरच वर असेल, तर बाहेरची फांदी तिला बरी वाटते. दर पक्ष्यामागे दांडीवर वीतभर जागा नसेल, तर दुबळ्या कोंबड्या हुसकल्या जातात. आणि फटींमध्ये पिसवा, लाल गोचीड माजले असतील, तर रात्रभर रक्त पिऊ देण्यापेक्षा पावसात भिजलेलं बरं, हा कोंबडीचा हिशेब चुकीचा नाही. चुना मारणं, फटी बुजवणं, दांड्या उन्हात टाकणं या कामांनी पुष्कळ कोंबड्या झाडावरून खाली येतात.

दाण्याची वेळही इथे महत्त्वाची. बरेच जण सकाळी मूठभर ज्वारी फेकून दार उघडतात. पोट भरलेली कोंबडी मग रमतगमत लांब जाते आणि परत यायचं तिला काही कारण उरत नाही. तोच दाणा संध्याकाळी, खुराड्याच्या आत, रोज एकाच हाकेवर दिला, तर कळप अंगणाच्या आसपासच घुटमळतो.

अंड्यांचंही तसंच. कोंबड्या बहुतेक अंडी सकाळी घालतात. पहाटेच दार उघडलं तर अंडी तुराट्यांच्या ढिगात, केळीच्या बुंध्याशी, नाहीतर शेजाऱ्याच्या कडब्यात. दहा-अकरा वाजेपर्यंत आत ठेवलं, कोपऱ्यात भुसा घातलेली पाटी ठेवली आणि पाटीत एक गुळगुळीत पांढरा गोटा ठेवला, तर बहुतेक अंडी घरातच सापडतात. खुडूक झालेली कोंबडी मात्र कसलीही शिस्त पाळत नाही. ती तीनेक आठवडे दिसत नाही, आणि मग एक दिवस दहा पिल्लं घेऊन येते किंवा तिची नुसती पिसं सापडतात.

गैरसमज: बारीक जाळी म्हणजे राखण

षटकोनी भोकांची पातळ जाळी, जिला दुकानदार कोंबडी-जाळी म्हणतात, ती कोंबडीला अडवते. शिकाऱ्याला अडवत नाही. कुत्रा आणि रानमांजर ती दातांनी ओढून उसवतात, इंचभर भोकातून घुशीचं पिल्लू, लहान साप आत येतो, आणि मुंगूस जाळीच्या बुडाशी उकरून शिरतो. रात्रीच्या खुराड्याला अर्ध्या इंची चौकटीची वेल्ड केलेली जाळी लागते, वरच्या बाजूलाही. शेताभोवती एवढी महाग जाळी लावणं वेडेपणा आहे, पण सहा बाय चार फुटांच्या खुराड्याला ती फार लागत नाही.

उकरणाऱ्यासाठी जाळी खोल पुरण्यापेक्षा सोपी युक्ती आहे. फूट-दीड फूट रुंदीची पट्टी खुराड्याच्या बाहेरच्या अंगाला जमिनीवर आडवी पसरून दगड-मातीने दाबायची. मुंगूस भिंतीच्या अगदी कडेला उकरायला लागतो, नखांना जाळी लागते. दोन फूट मागे सरकून तिथून भुयार खणावं, हे त्याला सहसा सुचत नाही. दारालाही नुसता अडसर पुरत नाही, कडीत खिळा घालावा. आणि घोरपड अंडी खाते म्हणून तिला मारायला धावू नये. वन्यजीव कायदा १९७२ नुसार तो गुन्हा आहे, आणि फट बुजवायचा खर्च वकिलापेक्षा नक्कीच कमी.

दिवसा घार आणि शिक्रा पिल्लं उचलतात, त्यावर जाळी हा उपाय नव्हे. पिल्लांना पहिले काही आठवडे डालग्याखाली ठेवणं आणि अंगणात पळून शिरायला झुडपं असणं, हेच चालत आलेलं आहे आणि तेच चालतं.

गैरसमज: शेळीला कुठलंच कुंपण अडवत नाही

याची उलट साक्ष धनगरांच्या वाड्यावर रोज रात्री मिळते. खतासाठी शेतकरी रानात मेंढ्या बसवून घेतात, तेव्हा मेंढ्या वाघरीत कोंडलेल्या असतात. वाघर म्हणजे खुंट्यांवर ताणलेली सुताची किंवा नायलॉनची जाळी, बेताच्या उंचीची. जोर केला तर तरणा मेंढा ती लोळवेल. लोळवत नाही, कारण पोट भरलेलं आहे, सगळा कळप सोबत आहे, रात्र आहे आणि कुत्री बाहेर आहेत. मेंढरू कळपाला जास्त चिकटून असतं, शेळी जास्त आगाऊ, हे खरं. पण आत राहायला कारण असलं की कमकुवत जाळीही पुरते, हे दोघींना लागू आहे.

शेळी कुंपण ओलांडते तेव्हा त्यामागे सहसा एखादं साधं कारण असतं. भूक हे सर्वात मोठं. मोठ्या शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवा चारा, किलोभर सुका आणि थोडा खुराक लागतो. तो न देता तिला उघड्या आवारात कोंडलं, तर ती बाहेर बघणारच. त्यातून शेळी खाली मान घालून गवत खाण्यापेक्षा मान वर करून पाला ओरबाडणारी. जमिनीवर टाकलेला, तुडवलेला चारा ती तोंडात घेत नाही. शेवरी, सुबाभूळ, दशरथ घास हे पेंढी बांधून तिच्या डोक्याच्या उंचीवर टांगलं, तर चारा वाचतो आणि कुंपणावर पाय टेकवण्याची तिची खोडही कमी होते.

दुसरं कारण एकटेपण. एकुलती एक शेळी पाळणाऱ्याला ती कायम ओरडते आणि दावं तोडते असं वाटतं. ती कळप शोधत असते, इतकंच. तिसरं कारण माज. साधारण तीन आठवड्यांनी शेळी माजावर येते, आणि त्या एक-दोन दिवसांत गावाच्या दुसऱ्या टोकाचा बोकडही तिला जवळ वाटतो. बोकडाचं तर विचारूच नका. पैदाशीसाठी नको असलेले बोकड वेळीच खच्ची केले, तर कुंपणाची निम्मी मोडतोड वाचते.

एवढं केल्यावर उरतं ते कुंपण. चार-साडेचार फूट उंची, घट्ट ताणलेली जाळी आणि आतल्या बाजूने आधार न देणारे खांब. काटेरी तार शेळीसाठी वाईट, कान आणि कास फाटते, आणि दोन तारांमधून डोकं घालायला ती कचरत नाही. पाच-सहा इंची चौकटीची जाळी त्याहून वाईट, कारण शिंगं असलेली शेळी डोकं आत घालते आणि ते परत निघत नाही. मग कुत्र्याला आयतीच शिकार. ओढाळ शेळीच्या गळ्यात लोढणं घालायची जुनी रीत आहे, पळताना ते गुडघ्यावर आपटतं. ओढाळपणाचं कारण मात्र त्याने जात नाही, पाय तेवढे सुजतात.

जिवंत कुंपण फुकटात होतं, ही समजूतही इथेच निकालात काढू. शेर, घायपात, चिल्हार, मोगली एरंड यांना शेळी तोंड लावत नाही, हे खरं. पण दाट व्हायला दोन-तीन वर्षं जातात, बुडाशी कोंबडी जाईल एवढ्या फटी राहतातच, दरवर्षी छाटणी असते. शेराचा चीक डोळ्यात गेला तर दवाखाना गाठावा लागतो आणि मोगली एरंडाच्या बिया पोरांनी खाल्ल्या तरी तेच. काहीजण हौसेने सुबाभळीचं कुंपण करतात. ते शेळ्यांचं जेवण होतं. कोकणात जांभ्याचा गडगा आणि त्यावर करवंदीची काटेरी जाळी हे जे जुनं जमलेलं आहे, त्याला तोड नाही, फक्त गडगा घालणारे हात आता सहज मिळत नाहीत.

गैरसमज: दारात कुत्रा असला की बिबट्या येत नाही

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, अकोले या ऊसपट्ट्यात ही समजूत महागात पडते. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराचा अभ्यास झाला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या पोटात गेलेल्या मांसापैकी सुमारे ८७ टक्के पाळीव प्राण्यांचं होतं, आणि त्यात सर्वात मोठा वाटा, ३९ टक्के, कुत्र्यांचा. त्या भागात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सातपट, तरी आहारातला त्यांचा वाटा फक्त ११ टक्के. अभ्यासकांच्या मते कारण सरळ आहे: शेळ्या रात्री कोंडलेल्या असतात आणि कुत्री मोकाट असतात.

म्हणजे कुत्रा बिबट्याला लांब ठेवत नाही, तो त्याला बोलावतो. कुत्रा भुंकून जागं करतो तेवढा उपयोग खरा, पण त्यालाही रात्री आतच घ्यायला हवं. शेळ्यांचा गोठा चारही बाजूंनी आणि वरूनही बंद हवा. बिबट्या भिंत चढतो, आठ फुटी भिंतीवर उघडं छप्पर असेल तर ती भिंत नसल्यासारखीच. तरीही हल्ला झालाच तर मेलेलं जनावर हलवू नये, वन विभागाला लगेच कळवून पंचनामा करून घ्यावा. पुरून टाकल्यावर भरपाई मागणं फार अवघड होतं.

गैरसमज: तारेत करंट सोडला की काम फत्ते

इथे दोन अगदी वेगळ्या गोष्टींना एकच नाव पडलं आहे. झटका मशीन सेकंदाला साधारण एक ठोका देतं. व्होल्ट हजारांत असले तरी ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो, म्हणून जनावर दचकतं, मरत नाही. घरच्या बोर्डावरून किंवा खांबावर आकडा टाकून तारेत सोडलेली वीज अखंड वाहते. ती धरून ठेवते आणि मारते. विदर्भात रानडुकरांसाठी अशा सोडलेल्या तारांनी वाघ मेले आहेत, शेतकरी मेले आहेत, रात्री पाणी द्यायला गेलेला घरचाच माणूस मेला आहे. तो गुन्हा आहे, आणि त्यावर आणखी शब्द खर्च करण्यात अर्थ नाही.

झटका मशीनही लावून विसरण्याची वस्तू नव्हे. वीज तारेतून जनावरात, पायांतून मातीत आणि मातीतून अर्थिंगच्या सळईकडे परत गेली, तरच झटका बसतो. एप्रिल-मेमध्ये माती कोरडी ठणठणीत झाली की हा फेरा तुटतो, म्हणून सळईपाशी पाणी ओतावं लागतं. पावसाळ्यात उलट, तारेला टेकलेलं गवत वीज जमिनीत उतरवतं. कोंबडीला तर पिसांमुळे झटका क्वचितच लागतो. कोंबड्यांभोवती ही तार लावली तर ती बाहेरच्या कुत्र्या-मांजरांसाठी, आतल्यांसाठी नाही. शेळ्यांना मात्र लहान आवारात एकदा तारेची ओळख करून दिली, तर पुढे त्या तिच्यापासून अंतर राखून चरतात.

गैरसमज: मोकळं फिरणाऱ्याला रोग होत नाही

गावरान कोंबडी काटक असते, पण मानमोडीपुढे तिचं काही चालत नाही. शेजारच्या परसात जाऊन आलेली एक कोंबडी सगळा कळप झोपवते. पिल्लांना पहिल्याच आठवड्यात लासोटा लशीचा थेंब द्यावा, फिरणाऱ्यांना तर नक्कीच. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरच्या पोल्ट्रीत देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हा आसपासच्या घरगुती कोंबड्याही माराव्या लागल्या. हद्द पाळणं हे आपल्या कोंबड्यांच्याही फायद्याचं असतं.

गैरसमज: ज्याचं पीक, त्याने कुंपण घालावं

गावात हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की कायदाच वाटावा. कायदा नेमका उलट आहे. जनावर सांभाळण्याची जबाबदारी मालकाची. पिकात शिरून नुकसान करणारं गुरू धरून कोंडवाड्यात घालण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे, आणि सोडवून न्यायला येणाऱ्याला दंडाबरोबर चारापाण्याचा खर्चही भरावा लागतो. अडचण अंमलबजावणीची आहे. बऱ्याच गावांत कोंडवाड्याच्या चार भिंती उरल्या आहेत, त्यात ग्रामपंचायतीचं भंगार पडलेलं असतं.

कोकणात भातकापणीनंतर गुरं मोकळी सोडण्याची रीत आहे. त्यामुळे ज्याला कुळीथ, पावटा किंवा भाजी करायची आहे त्याने एकट्याने सगळा खर्च करायचा, आणि लावलेली कलमं राखायला रात्री जागायचं. चार जणांनी दुबार पीक घेतलं तर चौघांची चार कुंपणं. एकत्र ठरवलं तर एकही लागत नाही. हिवरे बाजार या गावाने नव्वदच्या दशकात हेच केलं. सरपंच पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गावाने चराईबंदी पाळली, गुरं डोंगरावर सोडायची नाहीत, गवत कापून दावणीला आणायचं असं ठरलं. गवत वाढलं, दूध वाढलं. दुसऱ्या गावांत याची नक्कल करताना बंदी तेवढी उचलतात, आणि कापलेला चारा भूमिहीनाच्या शेळीपर्यंत कसा पोचेल हे ठरवायचं राहून जातं. मग तीच शेळी रात्री कुंपणातून शिरते.

आता उरली कोंबडी. कोंडवाड्याचा मूळ कायदा इंग्रजांनी १८७१ साली केला. त्यातल्या गुरांच्या व्याख्येत म्हैस, घोडा, गाढव, डुक्कर, मेंढी, शेळीच काय, हत्ती आणि उंटसुद्धा आहेत. कोंबडी नाही. तिने उकरलेल्या कोथिंबिरीच्या वाफ्याचा हिशेब बांधावर उभं राहूनच करावा लागतो, आणि तो बहुधा चार अंड्यांवर मिटतो.